मिकीचा एक जून

माझ्या आजीची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून. आजोबांची १ जून. आजोबांच्या दोन्ही भावांची १ जून. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, तेव्हा वय बसलं पाहिजे म्हणून हेडमास्तरांनी सगळ्या आळीला एकच तारीख वाटून टाकली. तुमच्याही घरात असे दोन-चार जण निघतील. आजीला खरी तारीख विचारली की म्हणायची, "पोळ्याच्या आदल्या दिवशी झाले असं आई सांगायची. साल कुणी लिहून ठेवलंय?"

हे आज आठवलं कारण कॅलिफोर्नियातल्या चुलत बहिणीने पोरांना घेऊन डिस्नेलँडमधले फोटो टाकलेत. सत्तरीची सजावट, सत्तरी लिहिलेला केक, सत्तरीचे टी-शर्ट. खाली 'हॅपी बर्थडे डिस्नेलँड'. मी सवयीने कमेंट केली, "पण नक्की कधी? १७ जुलै की १८?" तिचं उत्तर आलं, "दादा, तू लोकांच्या मुंजीतपण असंच करतोस." खरं आहे. तर हे लांबलचक उत्तर तिला, आणि ज्यांना रविवारी सकाळी दूरदर्शनवर डिस्नेच्या अंकल स्क्रूजला नाण्यांच्या ढिगात सूर मारताना बघितल्याचं आठवतंय, त्या सगळ्यांना.

आधी १७-१८चा घोळ. १७ जुलै १९५५, रविवार. अनाहाइममधल्या संत्र्यांच्या बागा तोडून उभारलेलं पार्क, खर्च १ कोटी ७० लाख डॉलर. त्या दिवशी फक्त निमंत्रितांना प्रवेश होता आणि एबीसी वाहिनीवर थेट प्रक्षेपण चाललं होतं. निवेदकांत एक रोनाल्ड रेगन, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले तेच. लोकांनी खोटी तिकिटं छापून घेतली आणि २८ हजारांच्या आसपास माणसं आत घुसली. उकाडा इतका की नुकत्याच ओतलेल्या डांबरात बायकांच्या सँडलच्या टाचा रुतत होत्या. प्लंबरांचा संप नुकताच मिटलेला, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि संडास यांतलं एकच वेळेत पूर्ण होणार होतं. कंपनीचा संस्थापक वॉल्ट डिस्ने याने संडास निवडले. (बरोबर निवडलं. ज्याने एकदा तरी गावच्या जत्रेत लहान मूल नेलंय तो वाद घालणार नाही.) लोक म्हणाले, पेप्सी खपावी म्हणून मुद्दाम नळ बंद ठेवले.

त्या दिवसाला कंपनीत 'काळा रविवार' नाव पडलं. वॉल्ट आणि त्याचा थोरला भाऊ रॉय जिवंत असेपर्यंत कंपनी उद्घाटनाचा दिवस १८ जुलै मानायची, कारण त्या दिवशी दारं सर्वांसाठी उघडली. १७ तारीख म्हणजे नुसती रंगीत तालीम. पण लोकांच्या लक्षात टीव्हीवरची १७ राहिली, मग हळूहळू तीच अधिकृत झाली. आता टाचा रुतल्याचे किस्से गाईड हसत हसत सांगतात. पुरेशी वर्षं गेली की फजितीचीसुद्धा परंपरा होते. आणि वाढदिवस जुलैत असला तरी सत्तरीचा सोहळा सुरू झाला १६ मे २०२५ला, मुदत २०२६च्या उन्हाळ्यापर्यंतची. आपल्याकडे साखरपुड्यापासून सत्यनारायणापर्यंत लग्न चालतं, पण एवढं नाही.

आता मिकी. त्याचा वाढदिवस १८ नोव्हेंबर, हे आज कुठलंही पोर सांगेल. पण १९३३मध्ये खुद्द वॉल्टने एका नियतकालिकात लिहिलं होतं की मिकीचा जन्म १ ऑक्टोबर १९२८चा. त्या काळात वाढदिवस कधी सप्टेंबरअखेर, कधी ऑक्टोबरात, थिएटरवाल्यांना सोयीचा पडेल तसा व्हायचा. म्हणजे मिकीचाही १ जूनच! पुढे कंपनीने १९७०मध्ये स्वतःचं दप्तरखाना खातं काढलं, डेव्ह स्मिथ नावाचा माणूस त्यावर नेमला, आणि त्याने कागद धुंडाळून तारीख पक्की केली: १८ नोव्हेंबर १९२८, न्यूयॉर्कचं कॉलनी थिएटर, 'स्टीमबोट विली'चा पहिला खेळ. १९७८च्या सुवर्णमहोत्सवाच्या आत ते काम झालं आणि त्याच वर्षी हॉलीवूडच्या फुटपाथवर मिकीच्या नावाचा तारा बसला. कार्टूनमधल्या पात्राला तो मान पहिल्यांदाच मिळाला.

पण जरा थांबा. मिकी पहिल्यांदा लोकांना दिसला तो १५ मे १९२८ला, दुसऱ्याच एका मुक्या कार्टूनमध्ये, निवडक प्रेक्षकांपुढे. ते कार्टून कुणी वितरकाने घेतलं नाही. मग आवाजासकट तिसरं कार्टून, 'स्टीमबोट विली', आलं आणि गाजलं. म्हणजे १८ नोव्हेंबर हे मिकीचं बारसं आहे, जन्म नव्हे. जन्माच्या वेळी घरात पेढे वाटायची ऐपत नव्हती, एवढंच.

त्या पहिल्या मुक्या कार्टूनची जवळपास सगळी चित्रं एकट्या अब आयवर्क्सने काढली होती, दिवसाला सातशेपर्यंत. कॅन्सस सिटीपासूनचा वॉल्टचा दोस्त. मिकी कसा दिसतो हे ज्याच्या हाताने ठरलं, तो हा माणूस. १९३०मध्ये तो सोडून गेला आणि कंपनीतला आपला वीस टक्के हिस्सा २,९२० डॉलरला देऊन टाकला. हा आकडा पुन्हा वाचा. नंतर १९४०मध्ये तो परतला आणि शेवटपर्यंत तांत्रिक बाजू सांभाळत राहिला. त्याचा जन्म २४ मार्च १९०१चा. कंपनीच्या महोत्सवात त्या तारखेला केक नसतो.

कंपनीची स्वतःची जन्मतारीख १६ ऑक्टोबर १९२३. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या मार्गारेट विंकलर या वितरक बाईंशी छोट्या विनोदी फिल्मांच्या मालिकेचा करार झाला. जन्म करारावरून धरलाय हे लक्षात घ्या, पहिल्या चित्रावरून नाही. त्याआधी वॉल्टने कॅन्सस सिटीत लाफ-ओ-ग्राम नावाचा स्टुडिओ काढला होता, माणसं तीच, धंदा तोच. तिथून मोजलं असतं तर शताब्दी आधीच भरली असती. पण तो स्टुडिओ दिवाळखोरीत गेला, आणि बुडालेल्या दुकानाचा वर्धापनदिन कोण करतो?

करारावरून जन्म झालेल्या कंपनीला पहिला मोठा फटकाही कराराचाच बसला. मिकीच्या आधी ऑस्वल्ड नावाचा ससा होता, चांगला चाललेला. १९२८मध्ये वॉल्ट पैसे वाढवून मागायला न्यूयॉर्कला गेला, तेव्हा कळलं की ससा कागदोपत्री युनिव्हर्सल स्टुडिओचा आहे आणि विंकलरबाईंच्या नवऱ्याने, चार्ल्स मिंट्झने, वॉल्टची बहुतेक चित्रकार मंडळी आधीच फोडलीत. ससा गेला, म्हणून उंदीर आला. ऑस्वल्ड घरी परतला २००६मध्ये. डिस्नेने अल माइकल्स हा आपला क्रीडा समालोचक युनिव्हर्सलच्याच गटातल्या एनबीसी वाहिनीला जाऊ दिला आणि बदल्यात ससा घेतला. खेळाडूंची अदलाबदल ऐकली होती. समालोचक देऊन ससा घेतल्याचं दुसरं उदाहरण कुणाला माहीत असेल तर सांगा.

मधल्या महोत्सवांवरून मी भरभर जातो. १९९६मध्ये फ्लोरिडाच्या पार्कला पंचवीस वर्षं झाली म्हणून सिंड्रेलाचा राजवाडा चक्क गुलाबी रंगवून वाढदिवसाचा केक केला. ज्यांच्या लग्नाच्या फोटोंत मागे तो केक आलाय ते अजून कुरकुरतात. जुन्या सिनेमांच्या डीव्हीडींनाही प्लॅटिनम, डायमंड अशी नावं दिली. आपला सुवर्ण, हीरक, अमृत हा क्रम तिथे सरळ दुकानात विकायला होता.

माझं भांडण मात्र एका तारखेवरून आहे. २९ मे १९४१.

'स्नो व्हाइट' २१ डिसेंबर १९३७ला आला. पहिल्या खेळाआधी हॉलीवूड त्याला 'डिस्नेचा मूर्खपणा' म्हणत होतं. मग पैशाचा पूर आला. त्यातून बर्बँकला नवा स्टुडिओ बांधला, आणि पाठोपाठ युद्ध पेटलं, युरोपचा बाजार बंद झाला, पैसा आटला. आत पगारांचं काही तंत्र नव्हतं. नावाजलेल्या चित्रकाराला आठवड्याचे दोन-तीनशे डॉलर, त्याच्या हाताखालच्या पोराला कसंबसं घरभाडं निघेल एवढंच. चित्रं पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावांवर शाईने गिरवून रंगवणाऱ्या मुलींची एक अख्खी इमारत होती, त्यांची नावं पडद्यावर कुठेच नव्हती. १९३८चं एक पत्र प्रसिद्ध आहे: चित्रकार म्हणून अर्ज करणाऱ्या मुलीला कळवलंय की सर्जनशील काम पुरुष करतात, बाईंना फक्त गिरवणं आणि रंगवणं. लेटरहेडवर स्नो व्हाइटचं चित्र.

युनियन करतो म्हणून कंपनीने आर्ट बॅबिटला काढून टाकलं. 'स्नो व्हाइट'मधली दुष्ट राणी आणि गूफी यांच्यात ज्याने जीव ओतला तो हा बॅबिट. त्याला स्वतःला उत्तम पगार होता, तो भांडत होता मदतनिसांसाठी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेकडो माणसं गेटबाहेर उभी राहिली. चित्रकारांचाच संप, त्यामुळे फलकही देखणे. एकावर लिहिलं होतं, 'आपण माणसं की उंदीर?' नऊ आठवडे चाललं. वॉल्ट दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना मागे रॉयने मिटवलं, युनियन मान्य झाली, पगाराचे टप्पे ठरले, नावांचा प्रश्न सुटायला लागला. वॉल्टने ते कधी विसरलं नाही. २४ ऑक्टोबर १९४७ला त्याने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना संपवाल्यांची नावं घेऊन त्यांना कम्युनिस्ट ठरवलं.

स्टुडिओ सोडलेल्यांतल्या काहींनी पुढे यूपीए नावाचा कार्टून स्टुडिओ काढला आणि कार्टूनची रेषाच बदलून टाकली. सपाट रंग, मोजकी हालचाल, गोल गुबगुबीतपणाला रामराम. मला विचाराल तर तो फाटा १९४१च्या गेटबाहेर फुटला. कंपनीच्या इतिहासातली ही मोठी तारीख. पण तिचा टी-शर्ट मिळत नाही.

आमच्या मुंबईतही या घराण्याची एक शाखा आहे, फार कमी लोकांना माहीत असलेली. भारतात वाढलेला, डिस्नेत काम केलेला क्लेअर वीक्स १९५६मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आला. राम मोहन त्याच्या हाताखाली तयार झाले, जी. के. गोखल्यांसारखी माणसं त्या विभागात होती. १९५७मध्ये त्यांनी जातककथेवरचा 'बनियन डीअर' केला. त्याची पंचाहत्तरी २०३२मध्ये. कॅलेंडरवर मी आत्ताच टाकून ठेवलीय, कारण दुसरं कुणी टाकेल असं वाटत नाही. आपण महोत्सवांची नावं ठेवण्यात पुढे, दप्तर ठेवण्यात मागे.

मला डिस्ने आवडत नाही असा अर्थ कुणी काढू नये. शताब्दीच्या वेळी, ऑक्टोबर २०२३मध्ये, त्यांनी एक छोटी फिल्म काढली, 'वन्स अपॉन अ स्टुडिओ'. संध्याकाळी ऑफिस सुटतं आणि भिंतीवरच्या चित्रांमधून सगळी पात्रं बाहेर येतात, ५४३ पात्रं, फोटो काढायला. सुरुवातीला एक म्हातारे गृहस्थ काम आटपून बाहेर पडताना दिसतात. ते बर्नी मॅटिन्सन. १९५३मध्ये टपाल-कागद पोचवणारा पोऱ्या म्हणून लागले आणि तिथेच राहिले, जवळजवळ सत्तर वर्षं. फिल्म लोकांसमोर यायच्या आधी, फेब्रुवारी २०२३मध्ये, ते गेले. त्याच फेब्रुवारीत कंपनीने सात हजार नोकऱ्या कमी करणार असं जाहीर केलं होतं. उन्हाळ्यात हॉलीवूडचे लेखक आणि नट संपावर गेले. शताब्दीची रोषणाई आणि संपाचे फलक एकाच वर्षात. आणि तरीही वॉल्टच्या फोटोपुढे मिकी टोपी काढून उभा राहतो तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी कबूल करतो.

ती फिल्म मी भाच्याबरोबर बघितली. तो पुण्यात व्हीएफएक्सचं, म्हणजे सिनेमातल्या संगणकी दृश्यांचं काम करतो, रात्रपाळ्या, परदेशी सिनेमांची तुकड्यातुकड्यांनी आलेली कामं. कधीतरी एखाद्या सिनेमाला ताईला घेऊन थिएटरात गेलो, की दिवे लागले तरी आम्ही तिघं बसून राहतो. झाडूवाला येऊन उभा राहतो. नावं वर सरकत जातात, शेवटी कुठेतरी त्याच्या स्टुडिओचं नाव येतं, एका ओळीत, आणि निघून जातं.

मागच्या वेळी ताईने विचारलं, "अरे, तुझं नाव कुठाय?"

"त्या ओळीत, आई. आम्ही चाळीस जण आहोत त्यात."

ताई म्हणाली, "मग जरा सरकून बसायला सांग त्यांना."