माणसं वाढली, ताटं घटली

गेल्या रविवारी दुपारी नाशिकच्या पंचवटीत, मालेगाव स्टँडच्या उतारावर एका गाडीवाल्याने काच खाली करून मला विचारलं, "ताई, रामकुंड, काळाराम, सीतागुंफा सगळं मिळून किती वेळात होईल? रात्रीच्या जेवणाला ठाण्यात पोचायचंय." मी म्हटलं, गर्दी नसली तर दोन तासांत होईल. मागच्या सीटवर एक आजी होत्या. त्यांनी मान पुढे काढून विचारलं, "इथे घरगुती जेवण कुठे मिळतं का हो? आम्ही पूर्वी यायचो तेव्हा एका बाईंकडे उतरायचो." मी उत्तर देणार तोवर मुलगा म्हणाला, "आई, हायवेला थांबू ना." गाडी पुढे गेली.

त्या बाई म्हणजे माझी आई असेलच असं नाही. तेव्हा पंचवटीत अशा पुष्कळ बाया होत्या. पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडे वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक मोरी, एवढंच यात्रेकरूंसाठी होतं. पाटी नव्हती, जाहिरात नव्हती. गुरुजींचा मुलगा सकाळी निरोप घेऊन यायचा: "काकू, आज आठ पानं. उद्या श्राद्ध आहे, खीर-वडे करायचे." गुरुजींकडे लाल बांधणीच्या लांबट वह्या. त्यात गावाप्रमाणे घराणी, घराण्याप्रमाणे पिढ्या. जळगावकडचं एखादं कुटुंब पंधरा वर्षांनी आलं तरी त्याच गुरुजींकडे जायचं, आणि गुरुजी त्यांना आमच्याच घरी पाठवायचे. आजोबांच्या अस्थी घेऊन आलेला मुलगा पुढे वडिलांच्या अस्थी घेऊन यायचा. आई त्याला ओळखायची. "तुमची आई कढी फार मागून घ्यायची," असं ती त्याला सांगायची, आणि तो रडायचा.

ही माणसं श्रीमंत नव्हती. पुष्कळदा पैसे मोजून मोजून द्यायची. पण ती राहायची. दोन दिवस, तीन दिवस. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायचा तर तीन दिवस लागतातच, त्याला इलाज नाही. आणि माणूस तीन दिवस राहिला की त्याला सगळं लागतं. क्षौराला न्हावी, जेवायला पत्रावळ, विधीला पांढरं धोतर आणि पांढरी साडी, फुलं, दर्भ, दूध, टांगा, संध्याकाळी गंगेवर पोरांना भेळभत्ता. (बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.) आईला मिळालेल्या पैशांतून पहिले पैसे किराणावाल्याला आणि दूधवाल्याला जायचे, मग भाजीवालीला, आणि उरले तर आमच्या वह्या-पुस्तकांना. भाजीवाली मखमलाबादहून यायची, तिची मुलगी माझ्या वर्गात होती. एका कुटुंबाच्या तीन दिवसांवर गल्लीतली दहा-बारा घरं थोडी थोडी चालायची. कोणीच गबर झालं नाही, पण कोणी रिकामंही बसलं नाही.

माझी आतेबहीण दिवेआगरला दिली आहे, श्रीवर्धन तालुक्यात. तिचं आणि आमचं घर एका माळेचे मणी. तिकडे 1997 साली एका वाडीत खणताना सोन्याचा गणपती सापडला आणि ते गाव महाराष्ट्रभर माहीत झालं. समुद्र आधीही होताच, पण माणसं गणपतीसाठी यायला लागली. कुटुंबं यायची, म्हाताऱ्यांसकट. दर्शन, समुद्र, दुपारी घरगुती पानावर उकडीचे मोदक, रात्री मुक्काम, सकाळी निघताना सुपारी, कोकम आणि पोह्याचे पापड. ताईने परसदारी तीन खोल्या बांधल्या. 24 मार्च 2012 ला दरोडा पडला, दोन रखवालदार मारले गेले आणि गणपती गेला. ताई सांगते, त्या वर्षीच्या मे महिन्यात तिने मोदकपात्र माळ्यावर टाकून दिलं. मग 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या. सुपारी काही पालेभाजी नव्हे, लावून फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. म्हणजे आलेल्या माणसाला विकायचा घरचा माल गेला आणि त्याला थांबवणारा देवही गेलेला. नोव्हेंबर 2021 मध्ये गणपतीची पुन्हा स्थापना झाली.

आता गर्दी आहे, पूर्वीपेक्षा जास्तच आहे. पण ती निराळी आहे. शनिवारी सकाळी येणारी मित्रमंडळी, वाळूत गाड्या, पाण्यावरच्या सफरी, मासळीची थाळी, आणि बरेचसे संध्याकाळीच परत. ताईचं स्वयंपाकघर शाकाहारी. शिवाय ज्यांना मुक्काम करायचा ते तरणतलाव असलेली जागा मोबाईलवर आधीच ठरवून येतात. मागच्या दिवाळीत ती माझ्याशी बोलताना म्हणाली, "अगं, माणसं वाढली, पण ताटं घटली." शीर्षक तिचंच आहे. तिला मी विचारूनच दिलंय.

पर्यटन वाढलं असं आपण म्हणतो तेव्हा डोकी मोजतो. गाड्या मोजतो. किती जण रात्री राहिले ते कोणी मोजत नाही, आणि छोट्या घराचं पोट रात्रीवर चालतं. रस्ता चांगला झाला की माणसं जास्त येतात हे खरं, पण ती लवकर परतही जातात हेही तितकंच खरं. मुंबईहून अलिबागला जाणाऱ्याला आता मांडव्याची रो-रो बोट आहे, अटल सेतू आहे, सकाळी जाऊन रात्री घरी येता येतं. आमचंही तेच. मुंबईहून शिर्डीला निघालेलं कुटुंब पूर्वी नाशकात थांबायचं, निदान एक जेवण तरी करायचं. 2017 साली शिर्डीला विमानतळ झाला. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आता इगतपुरीवरून सिन्नरकडून थेट शिर्डी. नाशिक शहर वाटेत लागतच नाही. रस्ता वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या सासऱ्यांना मुंबईला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा त्याच रस्त्याने वेळ वाचला. पण यात्रेकरूचा वाचलेला वेळ आमच्या गल्लीत खर्च होणारा वेळ होता, हे कोणीतरी मांडलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट बदलली, तिच्याकडे फार कोणाचं लक्ष नाही. यात्रेकरू एकटा येत नसे. त्याच्या मागे सगळं गाव असायचं. घरी गेल्यावर मावंदं घालायचं, आल्यागेल्याला तीर्थ द्यायचं, म्हणून तांब्याचा गडू घ्यायचा, गंगेच्या पाण्याने भरून तोंड झाळून घ्यायचं. शेजारणीला बांगड्या, सुनेला हळदीकुंकवाची कोयरी, पोरांना चिवडा. भांडी बाजारात दुपारी वाट मिळायची नाही. तांबट लेनमधला ठोक्यांचा आवाज मला शाळेच्या घंटेइतका पाठ होता. आज घरी काय न्यायचं? फोटो. फोटो घाटावर काढला जातो आणि गाडीत बसायच्या आधी गावाला पोचतो. गडूऐवजी प्लास्टिकचा कॅन आहे, तोही सगळे घेत नाहीत. तांबटाच्या मुलाने काय करावं?

आता गंगापूर रोडकडचं सांगते, कारण तिकडच्या वाइनकडे बोट दाखवून मोकळं होणं मला पटत नाही. सुला या वाइन कंपनीची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. त्यानंतर गंगापूर धरणाच्या बाजूला सावरगाव, गंगावऱ्हे या भागात काय काय उभं राहिलं ते आपण सगळे बघतोच आहोत. मुंबई-पुण्याची तरुण मंडळी तिकडे येतात, द्राक्षांचे मळे बघतात, वाइन चाखतात, धरणावर सूर्यास्त बघतात. वाटेत मळ्यातली मिसळ. या मिसळीने किती बायकांच्या हाताला काम दिलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. माझा भाचा तिकडच्याच एका हॉटेलात आहे. बारावीनंतर घरी बसलेला मुलगा आज पाहुण्यांशी बिनदिक्कत इंग्रजीत बोलतो. मला त्याचा फार अभिमान वाटतो. तो म्हणतो, "मावशी, शुक्रवार रात्र ते रविवार दुपार, मग चार दिवस गवत वाढलेलं बघायचं." कायम नोकरीतली थोडी, बाकीची आसपासच्या गावांतली शनिवार-रविवारची पोरं, रोजावर. पैसे येतात, पण आठवड्याला अडीच दिवस येतात. आणि तिकडे आलेला पाहुणा गावात येतच नाही. काळारामापासून तिथपर्यंत जेमतेम पंधरा किलोमीटर असेल. पण तिकडचा पाहुणा आणि इकडचा यात्रेकरू यांची कधी गाठ पडत नाही, त्यांच्या पैशांचीही नाही.

माझ्या काही नातेवाइकांचं म्हणणं असं की तीर्थक्षेत्राचं नाव वाइनने घालवलं. मला तसं वाटत नाही. आणि जुन्याचं कौतुक करताना मला एक गोष्ट लपवायची नाही. माझ्या आईच्या घरी पान वाढण्याआधी आडनाव विचारलं जायचं. हे त्याच पंचवटीत, जिथे 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षं चालला. त्याला अर्धं शतक उलटून गेल्यावरही आमच्या वरच्या खोल्या सगळ्यांसाठी नव्हत्या. मी आठवीत असताना एका कुटुंबाला "आज जागा नाही" असं सांगायला आईने मला खाली पाठवलं होतं. जागा होती. त्या घरातल्या मुलीच्या हातात पितळी डबा होता, तो मला अजून दिसतो. मळ्यातल्या मिसळीच्या बाकावर आज कोणी कोणाला आडनाव विचारत नाही. त्यामुळे जुने दिवस जसेच्या तसे परत यावेत असं मी कधीच म्हणणार नाही.

नाशिकजवळच्या देवळालीची गोष्ट थोडक्यात. मुंबईचे पारशी आणि गुजराती तिथे हवापालटाला महिना-महिना राहायचे, सॅनेटोरियममध्ये किंवा स्वतःच्या बंगल्यात. दूधवाला, इस्त्रीवाला, बेकरी, टांगा, सगळ्यांची महिन्याची खाती असायची. ती पिढी गेली, मुलं परदेशी गेली आणि लॅम रोडच्या कितीतरी आवारांत आता इमारती आहेत. देवळालीची हवा तीच आहे.

आता सिंहस्थ, 2027. सगळीकडे तेच बोलणं चाललंय, रस्ते, पूल, किती लोक येणार. मला 2015 आठवतं. 29 ऑगस्टला पहिलं शाही स्नान होतं. आई तेव्हा होती. तिने आणि मी पहाटे तीनपासून पन्नास पानांचा स्वयंपाक केला. बॅरिकेडिंग इतकं कडक होतं की लोकांना दुरूनच वळवून घाटावर आणि तिथून परस्पर बाहेर नेत होते. आमच्या गल्लीत दिवसभर शुकशुकाट. 2003 च्या चेंगराचेंगरीत इतकी माणसं गेली होती, त्यामुळे ती खबरदारी का होती ते मला समजतं आणि ती हवीच. पण शहरात एवढी माणसं आलेली असताना आमच्या घरी एकही पान उठलं नाही. रात्री आईने बंदोबस्तावरच्या पोलिसांना बोलावून जेवू घातलं. दमलेली पोरं होती, कुठली कुठली, पोटभर जेवली.

म्हणून या वेळी मला दोन-तीन गोष्टी मनापासून मांडायच्या आहेत. कोकणात घरोघरी निवास-न्याहारी योजनेच्या पाट्या दिसतात. पंचवटीत, जुन्या नाशकात मी आमच्या भागात एकही पाहिली नाही. ज्यांच्याकडे एक-दोन खोल्या आहेत अशा घरांची नोंदणी सिंहस्थाच्या आत व्हायला हवी, आणि वॉर्डावॉर्डात कोणीतरी बसून अर्ज भरून द्यायला हवेत, कारण या घरांत आता बहुतेक साठीच्या पुढची माणसं राहतात. दुसरं, गाडी थेट घाटापर्यंत आणू देण्याचा हट्ट सोडावा. गाडीतला माणूस काही विकत घेत नाही, चालणारा घेतो. वृद्धांसाठी छोट्या रिक्षा ठेवा, बाकीच्यांना रविवार कारंजा, भांडी बाजार, सराफ बाजार, दहीपूल असं चालत येऊ द्या. आणि गंगापूर रोडला आलेल्या त्या तरुण पोरांना एक रात्र गावात काढावीशी वाटेल असं काहीतरी आपणच दाखवायला हवं. पहाटे सहाचा घाट त्यांनी कधी पाहिलेलाच नाही. तांबट कसा ठोके देतो, तेही नाही. ही मुलं चौकस असतात, नीट सांगितलं तर तासभर ऐकत उभी राहतात. मी अनुभवाने सांगते.

मागच्या महिन्यात एक एजंट आला होता. सिंहस्थाच्या अख्ख्या वर्षासाठी वरचा मजला ठोक भाड्याने द्या म्हणाला. रक्कम मोठी होती, आमच्या घरात एकरकमी एवढे पैसे कधी आलेले नाहीत. लेक म्हणाली, "आई, देऊन टाक, तुला आता जिने चढवत नाहीत." तिचं चूक नाही. मी चार दिवस विचार केला आणि नाही कळवलं. गुरुजींच्या नातवाला सांगून ठेवलंय की दोन खोल्या आहेत, साधं जेवण मिळेल, आणि कोणालाही पाठव, आडनाव बघू नकोस.

मोरीची फरशी उखडली आहे आणि वरची टाकी गळते. सोमवारी गवंडी येणार आहे. पंचवटीत कोणाकडे जुन्या शहाबादी फरश्या पडून असतील तर कळवा, नव्यांवर पाणी पडलं की पाय घसरतो.