दुबईत सी-व्ह्यू फ्लॅट घ्यायचाय? मग प्रश्न विचारू नका

सगळ्यात आधी एक्स्पोला जा. पुण्या-मुंबईच्या फाइव्ह स्टार हॉटेलात शनिवार-रविवारी दुबईच्या बिल्डरांचे एक्स्पो लागतात, कॉफी फुकट असते, आणि मधोमध काचेखाली टॉवरचं मॉडेल ठेवलेलं असतं, नखाएवढ्या गाड्या, निळ्या ॲक्रिलिकचा समुद्र आणि खिडकी-खिडकीत पिवळा दिवा. तुमच्या टॉवरसमोरच्या प्लॉटवर छान हिरवळ चिकटवलेली असेल. तिथे पुढे काय उभं राहणार हे चुकूनही विचारू नका, ज्या पोराने तुम्हाला दोनदा कॉफी आणून दिली त्याचा मूड कशाला घालवायचा?

'टॅक्स-फ्री' हा शब्द तो दर दोन वाक्यांनी म्हणेल, तुम्ही मान डोलवा. खोटं काहीच नाहीये, दुबईत भाड्यावर इन्कम टॅक्स नाहीच. फक्त तुम्ही राहता कोथरूडला, आणि भारतात राहणाऱ्या माणसाचं जगभरातलं उत्पन्न इथे टॅक्सेबल असतं, पण ही असली माहिती सीए लोकांकडे असते आणि सीएला आपण नेहमीप्रमाणे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भेटूच. रिटर्नमध्ये शेड्यूल एफए नावाचा एक तक्ता असतो, परदेशातली मालमत्ता त्यात दाखवावी लागते, नाही दाखवली तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एवढं काय त्यात, फ्लॅट सव्वापाच कोटींचा आहे.

पैसे पाठवणं तर अगदी सोप्पं. एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर जातात. तिथे दीर्घकाळ राहू देणाऱ्या गोल्डन व्हिसासाठी मालमत्ता हवी २० लाख दिरहमची, म्हणजे साधारण ५ लाख ४५ हजार डॉलरची. नवरा-बायकोचे मिळून होतात पाच लाख, म्हणजे थोडक्यात गेलं! मग आईंना सहमालक करा, ज्यांचं गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर अजून नाव लागलेलं नाही त्यांना निदान दुबईत तरी समुद्रकिनारी हिस्सा मिळेल. किंवा अर्धे मार्चमध्ये पाठवा, अर्धे एप्रिलमध्ये. १० लाखांच्या वर जे जाईल त्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापेल, तो नंतर टॅक्समध्ये वळता होतो किंवा परत मिळतो, तोवर सरकारला हातउसने दिले समजा.

बरं, तिथे रजिस्ट्रेशनला ४ टक्के लँड डिपार्टमेंटचे. नियमाने ते घेणारा-विकणारा निम्मे-निम्मे, प्रत्यक्षात बहुतेक वेळा सगळे घेणाराच भरतो. इथे स्टॅम्प ड्युटीच्या नावाने बोटं मोडणारे आपण, तिथे 'फक्त चारच?' म्हणून हसत सही करतो.

आता सर्व्हिस चार्ज. सोसायटीने मेन्टेनन्स दोनशे रुपयांनी वाढवला की एजीएममध्ये माईक हिसकावून घेणारे तुम्ही, तिथे मात्र स्क्वेअर फुटाच्या हिशोबाने वर्षाचे पैसे गप भरायचे, फ्लॅटमध्ये कोणी राहो न राहो. शिवाय बऱ्याच टॉवरमध्ये थंडावा बाहेरच्या प्लांटमधून पाइपने येतो, त्याचं बिल वेगळं, आणि त्यात एक ठरावीक आकार असतो जो एसी बंद असला तरी लागतो. बंद ठेवताही येत नाही म्हणा, कारण उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास आणि समुद्राची दमट हवा, घर बंद राहिलं की सोफ्याला बुरशी. म्हणजे तुम्ही इथे पंख्याखाली घाम पुसत बसणार आणि तिथे तुमचा सोफा गारेगार. बाल्कनीत बसून समुद्र बघायचा तर नोव्हेंबर ते मार्च, नेमकी तेव्हाच तुम्हाला सुट्टी मिळत नाही.

बांधकाम सुरू व्हायच्या आधीच बुक करा, स्वस्त पडतं. पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्या प्रकल्पासाठीच्या वेगळ्या खात्यात जातात, २००७ पासून कायदाच आहे, त्यामुळे ताबा कधी हे विचारून स्वतःचं हसं करून घेऊ नका. समुद्रात भर घालून केलेल्या पाम जेबेल अली बेटाचं काम २००८ च्या मंदीनंतर ठप्प झालं, पण २०२३ मध्ये नव्याने लाँच झालंच की! पंधरा वर्षं म्हणजे काय, आपल्याकडे पुनर्विकासाची मीटिंग तेवढी चालते.

आणि विकायची वेळ आली तर? तेव्हा कळेल की त्याच टॉवरमध्ये तुमच्यासारखाच, त्याच टाइल्सचा, त्याच किचनचा फ्लॅट आणखी कितीतरी जणांनी विकायला काढलाय, आणि समोरच्या हिरवळीवर त्याच बिल्डरचा नवा टॉवर हप्त्यांवर मिळतोय. ब्रोकरला फोन लावा. "सर, मार्केट थोडं स्लो आहे, नंतर बोलू का, मी आत्ता पुण्यात एक्स्पोला आहे."