मागचा तंबोरा ऐकू येतोय का?

आमच्या बेळगावच्या वडगावात दिवसभर मागांचा खडखडाट. रात्री नऊच्या पुढं गल्लीतले माग एकेक करून थांबतात आणि मग मी सीडी लावतो. परवा भाचा आला होता. म्हणाला, "मामा, हे फोनवर बी हाय की! सीडी कशाला पुसत बसलाय?"

म्हटलं, बस, दोन्ही ऐक.

स्पीकरला दोष नको म्हणून त्याचा फोन वायरीनं माझ्याच अँप्लिफायरला जोडला. शास्त्रीय गायक कुमार गंधर्वांच्या गाण्याची, कुणीतरी पाठवलेली १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ हजार बिटांची) एमपीथ्री होती. सूर, शब्द, ठेका, सगळं होतं. मग कुमारजींचं तेच गाणं सीडीवर लावलं. भाचा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "मागं हे काय वाजतंय?"

तंबोरा वाजत होता. फोनवरही होता, पण त्याची नुसती सावली उरली होती.

सीडीवर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा-उजवा मिळून सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. १२८ची एमपीथ्री यातला अकरावा हिस्सा ठेवते. मोठ्या आवाजाखाली जो बारीक आवाज कानाला कळणार नाही असं तिला वाटतं, तो ती टाकून देते. आपल्या संगीतात हा बारीक आवाजच तर सगळ्याचा आधार! जवारी (तारेखाली दोरा सरकवून आणलेली झणझण) लागलेल्या तारेतून षड्जाबरोबर वरचे कितीतरी स्वर उमटतात, त्यांच्यावर गवई आपला सूर टेकवतो. ते विरले की गाणं अधांतरी लटकतं.

आणि कुमारजी तर आपल्या मातीतले. जन्म १९२४चा, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. क्षयानं एक फुप्फुस निकामी झालं, तरी त्यातूनच त्यांनी छोट्या, धारदार ताना-आलापांची आपली गायकी उभी केली. एक जागा घेतात आणि थांबतात. त्या थांबण्यात तंबोरा बोलत असतो. चांगल्या सीडीवर ती जागा भरलेली लागते, वाईट फाइलमध्ये तिथं नुसता खड्डा. मी सीडीच्या मागं का लागलोय, ते एवढ्यासाठी.

पण सीडी म्हणजे आपोआप चांगला आवाज, असं मी मुळीच म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या मैफलीची 'नव्यानं साफ केलेली' सीडी मागवली. घरी लावली आणि जीव हळहळला. टेपची खरखर काढता काढता तंबोऱ्याची जवारीही पुसून टाकलेली. वर आवाज इतका चढवलेला की आलाप आणि द्रुत तान एकाच जोरात ओरडतात. सीडीवर सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं. एवढं मैदान मोकळं असताना सगळ्यांना एका कोपऱ्यात दाटीनं उभं करायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. टेपची खरखर राहू द्या. कान दोन मिनिटांत तिला विसरतो, गेलेली जवारी मात्र परत येत नाही.

आता सीडीइतक्याच आकड्यांचं, काहीही न गाळलेलं संगीत फोनवरही मिळतं, ते चांगलंच आहे. पण ब्लूटूथवर टाकलं की बहुतेक वेळा पुन्हा चाळण लागते. आणि मूळ मास्टर, म्हणजे ज्या ध्वनिमुद्रणावरून प्रत काढली ते, कुठला घेतलाय, हे तिथं कुणी सांगत नाही.

जाताना भाच्यानं सीडी पुसायची कशी ते विचारलं. मधून कडेकडं, सरळ. गोल फिरवून पुसली तर ओरखडा ट्रॅकच्याच दिशेनं लांबत जातो आणि प्लेअरला चूक सांधता येत नाही.

निपाणी, खानापूर, चिक्कोडीकडं कुणाच्या कपाटात शास्त्रीय गाण्याच्या जुन्या सीडी धूळ खात असतील, तर भंगारात घालू नका. मेसेज करा, मी स्वतः येऊन घेऊन जातो.