नंदी नसलेला महादेव

पाहुणे आले की आपल्याकडं ठरलेलं असतं. अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, तांबडा-पांढरा आणि जाताना चपला. कृष्णाकाठच्या खिद्रापूरचं महादेवाचं जुनं देऊळ म्हटलं की "ते कुठं आलं?" असं कोल्हापुरातलेच विचारतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

रविवारी ताईला आणि भाच्याला घेऊन गेलो. नरसोबाच्या वाडीत दत्ताचं दर्शन घेतलं आणि कुरुंदवाडावरनं उसाच्या फडांमधनं पुढं. खिद्रखान नावाच्या सरदारावरनं गावाला नाव पडलं असं सांगतात. देवाचं नाव त्याहून वेगळं, कोपेश्वर. कोपलेला ईश्वर!

आत शिरल्याशिरल्या स्वर्गमंडप. 48 खांब, वर मधोमध छतच नाही, गोल आभाळ, आणि बरोबर त्याखाली गोल शिळा. उन्हाचा गोळा खांबांवरनं हळूहळू खाली सरकत होता. भाचा एका खांबाच्या खाचेत बोट घालून गोल गोल फिरत राहिला. बोट कुठं अडकलं नाही. शिलाहार राजांच्या काळातलं, 12 व्या शतकातलं हे काम. आजची यंत्रं नसताना दगड एवढा गुळगुळीत कातला कसा, मला अजून उमगत नाही.

मग त्यानं विचारलं, "मामा, नंदी कुठाय?"

खरंच नाही. गोष्ट अशी सांगतात. सती नंदीवर बसून बापाच्या यज्ञाला गेली, तिथं अपमान झाला आणि तिनं देह टाकला. महादेव कोपले. समजूत काढायला विष्णू आले, ते धोपेश्वर. म्हणून गाभाऱ्यात दोघंही शेजारी. नंदी मात्र कृष्णेपलीकडं यडूरलाच राहिला.

बाहेर पायाला हत्तींची रांग आहे, अंगावर दागिने, पाठीवर देव. बऱ्याच सोंडा तुटल्यात. आणि त्याच हत्तींवर चपलेचा पाय देऊन फोटो काढणारी पोरं बघितली. हात जोडून सांगतो, असं करू नका रे. 2019 ला कृष्णेनं हे गाव वेढलं, तरी देऊळ टिकलं. ते आपल्या चपलांनी झिजायला नको.

दहा मिनिटांत उरकायचं ठिकाण नव्हे हे. सकाळी जा, डबा घेऊन जा, मंडपात गप बसा.

भाचा परतताना गाडीत बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "नंदीला एकट्याला करमत नसंल." पुढच्या रविवारी यडूरला जायचं ठरलंय.