पंगतीचा वाढपी

२० मार्च हा जागतिक चिमणी दिन. जगात तो २०१० पासून साजरा होतो, आमच्या घरात मागच्या वर्षी शिरला. मातीचं एक परळ, टांगायला साखळी आणि दोन किलो बाजरी आणून मी कोथरूडच्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत अन्नछत्र उघडलं. "अहो, कुंड्यांना पाणी घाला म्हटलं की तुमची कंबर धरते ना?" एवढंच ही म्हणाली.

आठ दिवस कोणी फिरकलं नाही. नवव्या दिवशी एक चिमणी आली, बाजरीपेक्षा मलाच मान वाकडी करून न्याहाळलं आणि गेली. घर पसंत पडलं असावं, कारण महिन्याभरात चिमण्या, ठिपकेवाल्या मुनिया, होल्यांचं एक जोडपं आणि पपईच्या फोडीवर लालबुड्या बुलबुल अशी भरगच्च पंगत बसायला लागली. मी चहा घेऊन आतून बघायचो. निवृत्त माणसाला याहून काय हवं?

आणि मग एके सकाळी जास्वंदीच्या कुंडीमागे मला एक शेपटी दिसली. बाकीचा बोका दगडासारखा निश्चल. शेपटीचं टोक तेवढं वेगळं मीटर बसवल्यासारखं हलत होतं. हा वरच्या वहिनींचा 'पिल्लू'. वजन सहा किलो.

स्वयंपाकघरातली थाळी आणि लाटणं घेऊन मी धावलो. बोका पळाला, पंगत उठली, समोरच्या इमारतीतले दोघेजण गॅलरीत आले.

मग मी अभ्यासाला लागलो. जाणकार सांगतात की दाण्याचं भांडं झुडपापासून दहा-बारा फूट लांब हवं, म्हणजे मांजराला दबा धरता येत नाही. आमची गॅलरीच दहा फुटांची. नियम पाळायचा तर भांडं शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात टांगावं लागलं असतं. शिवाय भांडं काचेपासून एक तर तीन फुटांच्या आत हवं नाही तर तीस फूट दूर, नाही तर घाबरून उडालेला पक्षी वेगात काचेवर आपटतो. ते मात्र जमलं. आमच्याकडे सगळंच तीन फुटांच्या आत आहे.

उरली घंटा. मी धीर करून वर गेलो.

"वहिनी, पिल्लूच्या गळ्यात एखादी घंटी बांधली तर?"

"अहो भाऊजी, तो काही शिकारी नाही हो. भित्रा आहे. झुरळाला घाबरतो."

तरी घंटी बांधली. आठवड्याभरात ती न वाजवता चालायला बोका शिकला. आता मी रोज सात ते नऊ थाळी घेऊन स्टुलावर. पारवे आले की वाजव, कावळा आला की वाजव. लहानपणीच्या गोष्टीतली चिऊताई बाळाला तीट लावायचं निमित्त सांगून काऊला दाराबाहेर तिष्ठत ठेवायची. मला तसलं काही सुचत नव्हतं आणि काऊही आता दार उघडायची वाट बघत नाही.

दिवाळीत सुतळी बॉम्बला दचकून पिल्लू छज्जावरून पडला. लागलं काही नाही, पण वहिनींनी सगळ्या गॅलरीला जाळी ठोकली आणि त्याला घरातच ठेवलं. रामराज्य आलं असं मी हिला जाहीर केलं.

डिसेंबरातल्या एका सकाळी पारव्यांवर नेहमीसारखी थाळी वाजवली. बोगनवेलीत दडलेल्या चिमण्या भर्रकन बाहेर, उघड्यावर आल्या. त्याच क्षणी गुलमोहरावरून काहीतरी राखाडी सरळ रेषेत आलं. आवाज असा झालाच नाही, फक्त पंखांचा वारा. डोळे उघडझाप करेपर्यंत शिक्रा समोरच्या भिंतीवर बसला होता, पायाखाली चिमणी. लालभडक डोळ्यांनी त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे पिसं उपटायला सुरुवात केली. एक पीस तरंगत आलं आणि माझ्या चहात पडलं.

शिक्रा अचानक झडप घालून खातो, त्याला गोंधळ हवा असतो. तो गोंधळ मी रोज थाळीवर वाजवून पुरवत होतो. आणि त्याच्यावर हात उगारायचीही सोय नाही, १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. तसं हात उगारून मी काय करणार होतो, ते वेगळं.

"तोही पक्षीच की हो," ही म्हणाली. "तुम्ही पक्ष्यांना खायला घालत होतात ना?"

यावर उपाय एकच, काही दिवस दाणे बंद. पंगत पांगली की शिक्राही दुसरीकडे जातो. मी परळ उतरवून माळ्यावर टाकलं. पंधरा दिवस गॅलरी सुनी. शिक्रा गेला, चिमण्याही गेल्या.

सोळाव्या दिवशी वहिनींचा फोन.

"भाऊजी, तुमच्या चिमण्या सगळ्या इकडे येतात हो. जाळीबाहेरच्या कठड्यावर मी जरा कण्या टाकल्या तर चाळीसएक जमतात. पिल्लू आतून दात कचकच वाजवत बसतो, त्याचाही वेळ जातो. शिवाय त्या आमच्या जाळीच्या आडोशालाच बसतात, त्यामुळे तो तुमचा ससाणा का कोण, तोही येत नाही."

मी गप्प.

"पण कण्या त्यांना फारशा आवडत नाहीत असं दिसतं. तुमच्याकडे ती बाजरी उरलीय का? पाठवता थोडी?"