बाबांची उलटी कॉलर

सकाळी सोसायटीची मीटिंग होती. पंधरा दिवस झाले, पाणी धड येत नाही, तर सगळ्यांनी मिळून वॉर्ड ऑफिसवर जायचं का, एवढाच विषय. बी विंगमधले एक काका उठले. "आपण पांढरपेशी माणसं, मोर्चे-बिर्चे आपल्याला शोभत नाहीत." वर फुकटचं ज्ञान : पांढरपेशा म्हणजे व्हाइट कॉलरचं मराठी भाषांतर! लोकांनी माना डोलावल्या. तेव्हापासून डोकं सटकलंय.

अहो काका, मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द आहे. तेव्हा साहेबाच्या इंग्रजीत तरी कुठे होता तुमचा 'व्हाइट कॉलर' शब्द? पेशा फारसीतला, पांढरा आपला. आणि कोकणच्या जुन्या महसुली दप्तरात पांढरपेशा कोण, तर ब्राह्मण, प्रभू वगैरे. त्यांना शेतसारा कुणब्यापेक्षा कमी. का? तर हे स्वतः नांगर धरत नाहीत, बिचाऱ्यांना गडी लावावे लागतात! चिखलात पाय न घालण्याबद्दल सवलत, आणि ते आपण कौतुकाने मिरवायचं.

आता शब्दाचे अर्थ बदलतात, मान्य. आमच्या घरीही तो मिरवला जायचाच.

बाबा सरकारी कारकून. पांढरे शर्ट दोन. कॉलर विरली की नाक्यावरचा शिंपी ती उसवून, उलटी करून पुन्हा शिवून द्यायचा. आईचा हात निळीला सढळ, त्यामुळे शिवणीत निळसर रेघ राहायची. वाण्याकडे उधारी सांगायला मात्र बाबा जायचे नाहीत, मला पाठवायचे. "आपण पांढरपेशे, बरं दिसत नाही." आठ वर्षांच्या पोरीने वही पुढे केलेली बरी दिसायची!

हे लिहिताना चिडले होते, पण तो शर्ट आठवला की राग टिकत नाही.

कारण तोच माणूस राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९७७-७८ च्या संपात ५४ दिवस घरी पगार न आणता राहिला. केंद्राइतका महागाई भत्ता हवा म्हणून राज्यभरचे कारकून, मास्तर, सगळे रस्त्यावर. मोर्चाच्या दिवशी आईने तांब्यात निखारे घालून शर्टाला इस्त्री केली. संध्याकाळी बाबा परतले तेव्हा घसा बसलेला, कॉलर काळी. आईने न बोलता शर्ट भिजत टाकला.

काकांना हे तिथेच सांगायला हवं होतं. जमलं नाही, रडू आलं असतं.

उद्या साडेदहाला रिकामी कळशी घेऊन वॉर्ड ऑफिसच्या गेटवर उभी आहे. ए विंगमधून चौघी येतायत. बी विंगचं बघा बाबा तुमचं तुम्ही.