अपयश सादर करताना घ्यावयाची काळजी

प्रथम वर्षात पाऊल टाकलेल्या गुणी बालकांनो, अभिनंदन! गणवेश सुटला, ओळखपत्राची दोरी गळ्यात आली. आता मेजर घ्या, मायनर घ्या, ओपन इलेक्टिव्हमध्ये जे शिल्लक असेल ते घ्या, मिळालेली क्रेडिट जमा करायला एबीसी आयडी काढा. एवढं करून जीव शिल्लक राहिला तर मूल्यशिक्षणाच्या दोन क्रेडिटसाठी निबंध लिहा : ‘माझी मूल्ये, माझी ध्येये आणि अपयशातून मी काय शिकलो’. चार पानं, निळी शाई, डावीकडे समास.

हे निबंध तपासण्याचं भाग्य गेल्या आठवड्यात मला लाभलं. एकूण 214. कायम प्राध्यापकांना संशोधन असतं, मी तासिका तत्त्वावर आहे. निबंध तपासणं ही तासिका नव्हे, त्यामुळे त्याचे पैसे नाहीत. असो. स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावरची ट्यूबलाइट जूनपासून गेली आहे, म्हणून तीन दिवस खिडकीपाशी खुर्ची ओढून वाचत बसले. त्या पुण्याईवर पुढच्या बॅचला चार गोष्टी सांगते. वहीत उतरवून घ्या, तशी तुम्हाला सवय आहेच.

आधी मूल्ये. प्रामाणिकपणा, कष्ट आणि वेळेचं महत्त्व, एवढी पुरतात. प्रामाणिकपणावरचा परिच्छेद शेजारच्या बाकावरून घेताना मात्र जरा वाचून घ्यावा. एका मुलीने ‘मी आई-वडिलांचा एकुलता एक मुलगा आहे’ असं लिहून दिलंय. वेळेचं महत्त्व पटलेले 61 निबंध मुदत संपल्यावर आले.

ध्येय म्हणून यूपीएससी लिहा. पुढे कोणी काही विचारत नाही.

‘मला काय करायचंय ते अजून ठरलेलं नाही’ असं चुकूनही लिहू नका. अठराव्या वर्षी ठरलेलं नसणं म्हणजे काय! पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता, हे कळलंच पाहिजे. माझंच बघा ना. माझी नेमणूक सत्रापुरती असते, त्यामुळे मी स्वतःला कुठे बघते याचं उत्तर मला दर मे महिन्यात मिळतं. घरी.

निबंध चॅटजीपीटीकडून करून घेतलात तर ‘नक्कीच! खाली आपला निबंध देत आहे’ ही पहिली ओळ उतरवू नका. सात जणांनी उतरवली आहे. निळ्या शाईत.

आता मुद्द्याची गोष्ट, अपयश. ते निवडताना फार जपायला लागतं. अपयश लहान असावं, मागे पडलेलं असावं आणि त्यात चूक फक्त तुमची असावी. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर, हे उत्तम अपयश. दहावीला 94 टक्के अपेक्षित असताना 91 मिळणं, हेही चालतं, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. खरोखर नापास झाला असाल तर गप्प बसा. तसंही तो शब्द आपण केव्हाच हद्दपार केलाय. दहावीच्या गुणपत्रिकेवर आता ‘कौशल्य विकासास पात्र’ असा शेरा येतो. पूर्वी पोरं ऑक्टोबरला बसायची आणि सगळी गल्ली त्यांना ऑक्टोबरवाले म्हणून ओळखायची, हल्ली पुरवणी परीक्षा जुलैतच उरकते. शब्द गेला, महिना बदलला, शेजारच्या काकू तेवढ्या अजून तिथेच गॅलरीत उभ्या आहेत.

थोरामोठ्यांचं उदाहरण हवंच. एडिसन 17 निबंधांत आला. बल्ब करताना तो किती वेळा हरला याबद्दल एकमत नाही. कोणी 99 म्हणतं, कोणी 999, बऱ्याच जणांचा कल 10,000 कडे आहे आणि एकाने सरळ एक लाख लिहून विषय मिटवलाय. हिंमत असेल तेवढा आकडा टाका.

आणि मग कलाम. 38 निबंध. कलामांबद्दल मला आदर आहे म्हणून तर हे लिहिताना हात थरथरतोय. सगळ्यांनी तीच गोष्ट लिहिली : डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीत जागा आठ आणि कलाम नववे, मग निराश होऊन ऋषिकेशला गेले, मग राष्ट्रपती झाले. मधली चाळीसेक वर्षं एका स्वल्पविरामात. काहींनी पुढची गोष्टही लिहिलीय, तीही अर्धीच. 10 ऑगस्ट 1979, श्रीहरिकोटा. एसएलव्ही-3 चं पहिलं उड्डाण, प्रकल्प संचालक कलाम. यान बंगालच्या उपसागरात जाऊन पडलं. पुढच्या वर्षी 18 जुलैला ते पुन्हा उडालं आणि रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. ‘यावरून मी शिकलो की प्रयत्न सोडू नयेत.’ पूर्णविराम.

अरे, पण मधलं कुठे गेलं? यान पडलं त्या दिवशी पत्रकारांसमोर कोण गेलं? इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन गेले. कलामांना पुढे ढकललं नाही, अपयश स्वतःच्या अंगावर घेतलं. आणि पुढच्या वर्षी यश आलं तेव्हा कलामांना म्हणाले, आता पत्रकारांशी तुम्ही बोला. ही गोष्ट कलाम स्वतः जन्मभर सांगत राहिले. त्यांना त्यातून ‘प्रयत्न सोडू नयेत’ एवढंच सांगायचं असतं तर ते धवनांचं नाव कशाला घेत बसले असते? काम फसलं की खुर्चीवरच्या माणसाने उठून पुढे यायचं, हे त्यातलं शिकण्यासारखं आहे. आणि ते अठरा वर्षांच्या पोरांनी शिकायचं नाहीये, कारण त्यांच्याकडे खुर्चीच नाही. कित्येक वर्गांत बाकही पुरत नाहीत.

पण खुर्चीवाल्यांकडे निबंध कोण मागणार? 2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायचं ठरवलं, तेही परीक्षा तोंडावर असताना. 477 परीक्षांचे निकाल. मुदतीमागून मुदती गेल्या, मुलांचे पुढचे प्रवेश लटकले, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, ज्यांनी पेपर दिला ते गैरहजर ठरले. ऑक्टोबरात कुलगुरूंना हटवलं. बरं, मग ‘अपयशातून आम्ही काय शिकलो’, चार पानं, निळी शाई, डावीकडे समास? कोणी दिलं का लिहून? 2024 ची नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, घ्या. 23 लाखांहून जास्त मुलं बसली. निकाल 14 जूनला लागायचा तो 4 जूनला लागला, म्हणजे लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, जेव्हा देशातला एकही टीव्ही रिकामा नव्हता. 720 पैकी 720 मिळवणारे 67 निघाले. 1563 जणांना वाढीव गुण दिले, मग ते काढून घेतले, मग त्यांना पुन्हा परीक्षेला बसायचा पर्याय दिला, आणि सुधारित निकालात पैकीच्या पैकीवाले 17 उरले. देशातली एवढी मोठी परीक्षा चुकली तर त्याला ‘तांत्रिक बाब’ म्हणायचं. पोराचं एक गणित चुकलं की त्याच्याकडून धडा लिहून घ्यायचा, आणि वर त्यालाच दोन क्रेडिट द्यायची, की बाळा, छान पचवलंस हो!

मार्गदर्शन कुठवर आलं होतं? हो. सकारात्मक दृष्टिकोन.

गुणांकनाचा तक्ता मला वरून आला होता. एकूण 20 गुण, त्यात सकारात्मक दृष्टिकोनाला 5. निबंध क्रमांक 143 चा मुलगा इथेच मार खाऊन गेला, म्हणून तुम्हाला सावध करते. त्याने समास सोडला नव्हता. तीनच पानं होती. लातूरला दोन वर्षं, एका खोलीत चौघं, रात्री साडेअकरापर्यंत टेस्ट सिरीज. शेताचा तुकडा गहाण पडलाय हे त्याला दुसऱ्या वर्षी मामाकडून कळलं. नीटला 2024 ला 561 गुण आले, 2025 ला 428. पेपर अवघड होता हे सगळ्या महाराष्ट्राने मान्य केलं, पण घरी ते कोणाला सांगता येईना. शेवटचा परिच्छेद जसाच्या तसा आठवतोय : ‘यातून मी काय शिकलो ते मला अजून कळलेलं नाही. मला बीएस्सीला यायचं नव्हतं. आता आलो आहे तर केमिस्ट्री बरी वाटते. बाकी काही नाही.’

214 निबंधांत मला जागं करणारा हा एकच निबंध होता आणि त्याला मी 20 पैकी 9 दिले. मीच दिले, लाल पेनाने. तक्त्यात ‘शिकवण स्पष्ट मांडली आहे का’ असा रकाना होता, तिथे शून्याशिवाय काही लिहिता येईना. एकुलत्या एक मुलग्याला, म्हणजे त्या मुलीला, 17 गेले. तिची शिकवण अगदी स्पष्ट होती.

नंतर भित्तिपत्रकासाठी दहा ‘प्रेरणादायी’ निबंध निवडायची बैठक झाली. त्या भित्तिपत्रकाचा अक्षांश-रेखांशासकट फोटो काढून नॅकच्या, म्हणजे कॉलेजला श्रेणी देणाऱ्यांच्या, फाइलला लावायचा असतो, नाहीतर मूल्यशिक्षण झालं हे कोणाला खरं वाटणार. मी 143 सुचवला. ‘मॅडम, निगेटिव्ह वाटतं हो. कमिटी येणार आहे.’ मी म्हटलं, बरं. एवढंच म्हटलं मी. प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा झाली, पीएचडी झाली, नऊ मुलाखती झाल्या, त्या मुलाखतींत शेवटी काय विचारतात ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही, आणि अकरा वर्षं झाल्यावर माणूस ‘बरं’ एवढंच म्हणायला शिकतो. घ्या. हा माझा निबंध. समास सोडलेला नाही.

पुरे झाला हा उपरोध, मला जमत नाहीये. सरळ बोलते.

पोरांनो, तुम्ही आळशी आहात. स्वतःचं अपयशसुद्धा दुसऱ्याचं उतरवता? त्याला तरी हात लावू नका! प्रत्येकाचं कुठे ना कुठे काही तरी फसलेलं असतं, त्यावर तीन ओळी लिहायला काय पैसे पडतात? आणि तुम्हाला तरी काय बोलू, बारा वर्षं निबंध पाठ करून घेतले ते आम्हीच. आम्ही खोटं वाचायला बसलोय हे तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं, तुम्ही हुशार आहात. पण मुद्दा तो नाही. ज्यांनी हा विषय काढला त्यांनी आधी स्वतः लिहावं. प्राचार्यांपासून सुरू करा, मग संस्थाचालक, मग विद्यापीठ. प्रयोगशाळेत ब्युरेट पुरेसे नाहीत, ग्रंथपालाची जागा रिकामी आहे, पहिल्या सत्राचा निकाल दुसरं सत्र संपत आल्यावर लागतो. लिहा ना त्यावर, शिकवण काय घेतली ते. पाच गुण सकारात्मकतेचे मी देते, एकही कापणार नाही. आणि आई-बापहो, पोरगं लातूरहून किंवा कोट्याहून रिकाम्या हाताने परत आलं तर आठवडाभर त्याला काही विचारू नका. जेवायला वाढा फक्त. एवढं जमेल ना?

143 ला मी आज 9 चे 16 केले आहेत. खाडाखोड दिसते, पेनाने गिरवलं आहे, खाली सही केली आहे. कोणाला काय विचारायचं ते मला विचारा.

आणि ज्या 17 जणांनी एडिसन लिहिलाय, त्यांनी उद्या साडेदहाला स्टाफरूममध्ये मला भेटायचं. येताना वर्गणी काढून एक ट्यूबलाइट आणायची. स्टार्टरसकट.